पुस्तकाची सावड

प्रेरणाला त्या पेपराची भीती अजिबात वाटत नव्हती, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. भीती वाटणारा माणूस चार जणांना विचारतो, कॉलेजात खेटे घालतो, फळ्यावरच्या सूचना वाचतो. प्रेरणानं यातलं काहीच केलं नाही. तिची थोरली जाऊ सारिका गेल्याच वर्षी हा पेपर देऊन पास झाली होती, आणि तिनंच आपलं पुस्तक धाकटीच्या हातात ठेवलं होतं. मावळात भाताचं बी बाजारातून आणण्याआधी सोयऱ्याधायऱ्यांकडं बघतात. ज्याच्या खाचरात पीक बरं आलं त्याच्याकडून बी घ्यायचं आणि निर्धास्त पेरायचं. प्रेरणानं पुस्तकही तसंच घेतलं.

पेपर होता मराठी कादंबरीचा, बी.ए.चा शेवटचा. बाकीचे सगळे तिनं बाहेरून बसून, भाकऱ्या थापता थापता काढले होते. सारिकानं दिलेली कादंबरी चांगली जाडजूड होती, एका तांबट घराण्याच्या तीन पिढ्यांची. प्रेरणानं ती तीनदा वाचली. त्यातला थोरला तांबट कुठल्या पायानं लंगडतो हेसुद्धा तिला पाठ होतं. नवऱ्याशी, म्हणजे सत्यमशी, भांडण झालं की ती त्याला मधल्या तांबटाच्या नावानं हाक मारायची, कारण तो मधला महाआळशी होता.

या पेपरावर बरंच अडलेलं होतं. कार्ल्याच्या शाळेतल्या वाचनालयात एक जागा निघाली होती आणि मुख्याध्यापकबाईंना तिथं पदवीधर हवी होती. त्यांनी प्रेरणाला सांगितलं होतं, की या खेपेचा निकाल लागेपर्यंत जागा तुझ्यासाठी ठेवते, पण पेपर राहिला तर मला दुसरी बघावी लागेल. प्रेरणाला ती जागा हवीच होती. पुस्तकांची कपाटं असलेली खोली आणि तिची किल्ली आपल्या कनवटीला, एवढं चित्र डोळ्यापुढं आलं तरी तिला हसू फुटायचं.

पेपर सोमवारी होता. शनिवारी दुपारी कामशेतहून महेकचा फोन आला. महेक याच परीक्षेला बसलेली, वयानं बरीच लहान. परीक्षा फॉर्मच्या रांगेत दोघींची गाठ पडली होती आणि तेव्हापासून मैत्री होती.

"ताई, गिरिजाचं व्यक्तिचित्रण करून ठेवलंस ना? हमखास येणार बघ," महेक म्हणाली.

"गिरिजा कोण?" प्रेरणानं विचारलं.

महेक मोठ्यानं हसली. इकडून हसण्याचा आवाज आला नाही तशी ती थांबली. मग तिनं सावकाश सांगितलं, की यंदा अभ्यासक्रम बदललाय, तांबटाची कादंबरी गेली आणि तिच्या जागी गिरिजाची आली. कॉलेजच्या फळ्यावर जूनपासून सूचना लागली होती. नवं पुस्तक असल्यामुळं बाजारात अजून गाईडही आलेलं नाही.

प्रेरणा ओट्यावर मटकन बसली. सासू विठाबाई सूप घेऊन समोरच बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तिला एवढंच कळलं की शहाण्या माणसांनी काहीतरी येडेपणा केलाय.

"आगं, भाताच्या खाचरात दरसाल भातच घेत्यात. ह्यांनी मधीच नाचनी कशी पेरली?" ती म्हणाली.

नोकरीसाठी नवलाख उंबऱ्याला राहायला गेलेल्या सारिकाला फोन लावला तर ती बिचारी रडायलाच लागली. तिचीच समजूत काढता काढता प्रेरणाची अर्धी दुपार गेली. महेक म्हणाली, उद्या सकाळी पुस्तक घेऊन येते. पण उद्या म्हणजे रविवार, आणि रविवारी त्यांच्या खाचरात सावड होती.

सावड मोडता येत नाही. आज सगळ्यांनी मिळून याच्या खाचरात राबायचं, उद्या त्याच्या. मजुरी नाही, जेवण ज्याचं रान त्याच्या घरचं, आणि कुणी आपल्याकडं येऊन राबला की आपणही त्याच्याकडं जाऊन ते फेडायचं. भात पिकून पिवळंधमक झालं होतं आणि दोन दिवसांपासून आभाळ डोळे वटारत होतं. अशा दिवशी घरची सून पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली असती तर कुणी काही बोललं नसतं. पण तिला स्वतःलाच घास उतरला नसता.

रविवारी महेक स्कूटीवरून आली तेव्हा प्रेरणा बांधावरच्या तीन दगडांच्या चुलीपाशी होती. तिनं पुस्तक हातात घेतलं आणि नुसतं वजन बघूनच तिचा चेहरा पडला. तांबटाहून गिरिजा भारी भरली.

"नुसता सारांश सांग गं," ती म्हणाली.

महेकनं घसा साफ केला. "गिरिजा हे बदलत्या स्त्रीजाणिवेचं प्रतीक आहे."

"बरं. मग ती करते काय?"

"करते म्हणजे… ती प्रतीक आहे ना."

महेक हुशार मुलगी, पण तिला गोष्ट सांगता येत नव्हती, त्याला काय करणार. प्रेरणाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते चुलीच्या धुरावर ढकललं. तेवढ्यात पाणी प्यायला धोंडिबा आबा आले. सावडीत सगळ्यात वडील माणूस. कुणी कुठं कापायचं हे तेच सांगायचे. वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत बोट फिरवत वाचायची त्यांची सवय. त्यांनी काय झालं ते विचारलं, मग पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"ह्ये येवडं रान एकट्या मानसानं कापायचं म्हन्तीस?" ते म्हणाले. "मंग आमी सगळी हितं कशापायी आलोय? पात लावून द्या की."

पात म्हणजे कापणीला प्रत्येकानं धरायचा आपापला पट्टा. आबांचा हिशोब सरळ होता. पुस्तकाचे भाग करायचे, एकेकानं एकेक धरायचा, वाचणाऱ्याची भाताची पात शेजाऱ्यानं ओढायची, आणि वाचून झालं की चुलीपाशी येऊन प्रेरणाला सांगायचं. तिचे हात पिठात असले तरी कान मोकळेच होते.

प्रश्न एवढाच होता की पुस्तक फाडावं लागणार. महेकच्या अब्बांनी, नसीरभाईंनी, ते खास पुण्याहून आणलं होतं. महेकनं एकदा पुस्तकाकडं बघितलं, एकदा प्रेरणाकडं. मग लेकराला सुई टोचताना आई करते तसं तोंड फिरवलं आणि म्हणाली, "फाडा आबा. पण शिवणीवर फाडा."

पहिला भाग प्रेरणानं स्वतःकडं ठेवला. दुसरा गेला जानूकडं. तो नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता आणि रविवारी सुट्टी म्हणून सावडीला आला होता. तिसरा शेजारच्या येसूबाईनं घेतला, चौथा आबांनी, पाचवा सत्यमनं. शेवटचा भाग महेकच्या हातात उरला.

"आन् माझी पात?" विठाबाईनं विचारलं.

विठाबाईला वाचता येत नव्हतं. पण सावडीत आलेल्या माणसाला पात द्यायची नाही हा त्याहून मोठा अपमान, आणि तोही तिच्याच रानात. महेकच चटकन म्हणाली, "मावशी, शेवटचा भाग मी तुम्हाला वाचून दाखवते. मग तुम्ही ताईला सांगा. मला दुपारनंतर घरी जायचंय, माझाही अभ्यास आहे."

विठाबाईनं पदर खोचला आणि महेकला घेऊन आंब्याखाली जाऊन बसली. एरवी कामाच्या वेळी कुणी बसलं की तिची जीभ विळ्यासारखी चालायची. आज तीच मांडी घालून बसली आणि मधे मधे "हां, मंग?" म्हणत राहिली.

प्रेरणानं एका हातानं भाकरी उलटत आपला भाग वाचला. गिरिजा एका लहान गावातली सून, चांगली सातवी शिकलेली, आणि गावात नवं टेलिफोन केंद्र आलेलं. चार पानांत प्रेरणाचा तिच्यावर जीव बसला. पीठ पानांवर सांडलं, एक भाकरी करपली, पण गिरिजा कोण हा प्रश्न मिटला.

मग एकेक जण येऊ लागला. जानूच्या भागात गिरिजा टेलिफोनचं काम शिकते. जानूला गिरिजाशी फारसं देणंघेणं नव्हतं, पण त्या केंद्रातला बोर्ड त्याच्या मनात भरला होता. कुठली पिन कुठं खोचायची, तार तुटली की काय होतं, हे त्यानं चुलीतल्या काटकीनं मातीत आखून दाखवलं.

"आणि ती घाबरली होती का पहिल्या दिवशी?" प्रेरणानं विचारलं.

"लय. पन अर्थिंग बरोबर हुतं," जानू म्हणाला.

येसूबाईच्या वाट्याला सासूसुनेचं भांडण आलं होतं. तिनं ते कंबरेवर हात ठेवून, दोन्ही आवाजांत, सगळ्या शिव्यांसकट सांगितलं. मधेच एक प्रसंग असा आला की सासू तुपाचं मडकं उशाशी घेऊन झोपते.

"येसूमावशी, ही सासू पुस्तकातली का तुमची?"

येसूबाईनं जरा विचार केला. "मडकं माझ्या सासूचं. बाकी समदी पुस्तकातली."

आबांनी नणंदेचं लग्न सांगितलं. कुणाला टोपी मिळाली, कुणाला नाही, व्याही कशावरून रुसला, हे त्यांनी इतकं बारकाईनं सांगितलं की लिहिणाऱ्यालाही एवढं माहीत नसावं. सत्यम मात्र आपला भाग संपवून बराच वेळ बांधावर पाठ करून बसला होता. शेवटी तो आला आणि पाण्याचा तांब्या उचलत म्हणाला, "मेला तो."

"कोण?"

"नवरा तिचा. ताप आला आणि गेला. चांगला होता गं. तिला टेलिफोनवर सोडायला सायकलवरून जायचा." त्यानं तांब्या न पिताच खाली ठेवला. "पेपरात आलंच तर थोडक्यात लिही."

प्रेरणानं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला त्याचं एकदम फार प्रेम आलं. मधल्या तांबटाचं नाव तिनं पुन्हा कधी घेतलं नाही.

एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. वाचून झालेला माणूस विळ्याकडं परत जाईनाच. जानूला आपल्या भागाच्या पुढं काय झालं ते हवं होतं, म्हणून तो येसूबाईच्या मागं लागला. येसूबाईला त्या सासूला शेवटी शिक्षा झाली का ते हवं होतं, म्हणून ती आबांच्या मागं. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ते नुसते ऐकायला जमले. दुपार कलली तेव्हा विळे बांधावर होते, माणसं आंब्याखाली होती आणि निम्मं खाचर जसंच्या तसं उभं होतं. आबांनी आभाळाकडं बघितलं, खाकरले आणि म्हणाले, "उद्या यकदा यावं लागनार." कुणाचीच ना नव्हती.

संध्याकाळी घरी आल्यावर विठाबाईनं आपली पात सांगितली. महेक केव्हाच कामशेतला गेली होती. विठाबाईनं पाय पसरले, मिशेरी लावली, तोंड धुतलं आणि मग सुरुवात केली.

"नवरा ग्येल्यावर गिरिजाची बदली झाली. तालुक्याला. सासू दारात हुबी. गिरिजानं टरंक उचलली, येश्टीत बसली. गाडी ग्येली."

"मग?"

"मंग पाडव्याला परत आली. सासूला लुगडं घिऊन. मोरपिशी. सासूनं वाईच आडेवेडे घेतले, म्हनली, मला म्हातारीला कशाला मोरपिशी. पर नेसली. संपलं."

प्रेरणाला शेवट आवडला. तिनं मनातल्या मनात तो दोनदा घोकला, लुगड्याच्या रंगासकट, आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

सोमवारी सत्यमनं मोटारसायकलवरून लोणावळ्याला सोडलं. बाकीची सावड त्याच वेळी खाचरात उतरत होती. कॉलेजच्या फाटकापाशी महेक उभी होती, ओठांनी काहीतरी पुटपुटत.

"झालं का सगळं?" तिनं विचारलं. "मला तर तो शेवट वाचताना काल मावशींसमोरच रडू आलं. ती बस निघते आणि गिरिजा एकदाही मागं वळून बघत नाही."

"पण पाडव्याला येते ना परत. लुगडं घेऊन."

"कुठलं लुगडं?"

"मोरपिशी," प्रेरणा म्हणाली.

महेकनं तिचा हात धरला आणि एका दमात खरा शेवट सांगितला. सासू दारात उभी राहते, गिरिजा जाते. बस घाट उतरते. खिडकीतून वारा येतो, ती डोळे मिटते, पुस्तक संपतं. परत येणं नाही, पाडवा नाही, लुगडं तर नाहीच नाही. तेवढ्यात घंटा झाली.

प्रेरणा आपल्या बाकावर जाऊन बसली ती अंगाचा तिळपापड होऊन. एवढी माणसं राबली, उभं पीक सोडून राबली, आणि घरच्याच माणसानं गळा कापावा. प्रश्नपत्रिका आली. पहिले प्रश्न बरे होते. गिरिजाचं व्यक्तिचित्रण महेक म्हणाली तसं आलंच होतं. टेलिफोन केंद्रावर टीप होती, तिथं तिनं जानूचा बोर्ड अर्थिंगसकट उतरवला. सासूसुनेच्या संघर्षावर लिहिताना तुपाचं मडकं मोठ्या कष्टानं बाहेर ठेवलं. नवऱ्याचं मरण थोडक्यात लिहिलं.

शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त गुणांचा होता. कादंबरीचा शेवट तुम्हाला अपरिहार्य वाटतो का, साधार चर्चा करा.

प्रेरणानं पेन खाली ठेवलं. विठाबाई विसरली असेल हे शक्य नव्हतं. कुणाच्या बारशाला कुणी किती वाराची खणचोळी दिली हे जिला तोंडपाठ, ती एका दुपारचं वाचन रात्रीपर्यंत विसरेल? तिनं मुद्दाम बदललं होतं. का बदललं असावं, याचा विचार करताना प्रेरणाला वाक्य आठवलं, सासू दारात हुबी. ते विठाबाईनं जसंच्या तसं ठेवलं होतं. प्रेरणाचा राग कुठल्या कुठं गेला.

मग तिनं लिहिलं. पुस्तक बसबरोबर घाट उतरतं, पण दारात उभ्या राहिलेल्या बाईपाशी एक पानही थांबत नाही. गिरिजा गेली ते बरोबरच, तिनं जायलाच हवं होतं. पण जाणारीचा शेवट झाला म्हणून राहिलेलीचा होत नाही. ज्या वाचकाला आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे ठाऊक असतं, तो वाचक हा शेवट मान्य करणार नाही, तो पाडव्याची वाट बघेल आणि हातात काही नसलं तर स्वतःच एक लुगडं विणेल. कुठल्याही पुस्तकात नसलेलं असं ती पानामागून पान लिहीत गेली. पर्यवेक्षकांनी पुरवणीला दोरा बांधायला सांगितलं तेव्हाच तिनं मान वर केली.

घरी आली तेव्हा खाचर मोकळं झालं होतं आणि विठाबाई खळ्यात पेंढ्या रचत होती. प्रेरणा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, लुगडं कुठनं आलं?"

विठाबाईनं एक पेंढी रचली, दुसरी रचली. सापडल्याचं तिला कळलं होतं, पण ती डगमगणाऱ्यांतली नव्हती.

"मंग काय सांगू? तू सकाळी परीक्षंला निगायची, आन् मी रातच्याला सांगू, सून शिकली, नोकरीला लागली आन् ग्येली ती ग्येली? सारिका ग्येली, ती आता सनाला येती, ती बी येळ आसला तर. तू बी लोनावळ्यात खोली बगशील. मला काय कळत न्हाई व्हय?"

"मग मला अभ्यास कशाला करू दिला? नापास झाले असते तर घरातच राहिले असते की."

"नापास कशापायी? येवडी मान्सं राबल्यात," विठाबाई चिडूनच म्हणाली. "जायाचं आसंल तर पास हूनच जायाचं. पर परत यायाचं ध्येनात ऱ्हावं, म्हून मधी लुगडं घातलं."

प्रेरणाला हसूही आलं आणि रडूही आलं. तिनं सासूच्या हातातली पेंढी काढून घेतली आणि पदर खोचून स्वतः रचायला लागली.

निकाल लागायला संक्रांत उलटली. प्रेरणा पास झाली, आणि या पेपराला तिला महेकपेक्षा जास्त गुण पडले. महेकनं ते मोठ्या मनानं घेतलं, नसीरभाईंनी पेढे पाठवले, आणि सावडीतला प्रत्येक जण आपल्या पातीला किती गुण पडले असतील याचा हिशोब सांगत वाडीभर फिरला. कार्ल्याच्या शाळेत ती रुजू झाली. सकाळी जाते, संध्याकाळी चुलीच्या वेळेला घरी असते.

पण सावड फेडायची राहिली होती. प्रत्येकानं आपापली पात वाचलेली, बाकीची कानोकानी आलेली. अख्ख्या वाडीनं कादंबरी वाचली होती आणि एकानंही ती वाचली नव्हती, खुद्द प्रेरणानंसुद्धा. मग सुटे भाग गोळा झाले. आबांच्या भागाला हळद लागली होती, जानूच्या भागावर तारा आखल्या होत्या. महेकनं ते दाभणानं शिवून आणलं. आणि रोज संध्याकाळी प्रेरणा अंगणात पुस्तक मोठ्यानं वाचू लागली. सगळे यायचे. नवऱ्याच्या मरणाच्या दिवशी सत्यमला नेमकं बाहेर काम निघालं.

शेवटच्या भागाच्या दिवशी महेकही कामशेतहून आली होती. सासू दारात उभी राहिली, गिरिजानं ट्रंक उचलली, बस सुरू झाली. तिथवर विठाबाई भिंतीला टेकून मुकाट ऐकत होती. मग तिनं हात वर केला.

"ठेव ते खाली. हितनं फुडं मी सांगते."

प्रेरणानं पुस्तक मिटलं. महेक काहीतरी बोलणार होती, तिला आबांनी डोळ्यांनीच दटावलं. विठाबाईनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि ती सुनेकडं येऊन थांबली.

"गिरिजा ग्येली," ती म्हणाली. "पर लय लांब न्हाई ग्येली. कार्ल्यापातूरच ग्येली."